लॅपटॉपमधील फर्मवेअर सेटिंग्ज पुसल्या जाणे

लॅपटॉपमधील फर्मवेअर सेटिंग्ज पुसल्या जाणे हा लॅपटॉप संगणकात आढळणारा एक दोष आहे. संगणक कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावा, डिस्कची जोडणी कोणत्या पद्धतीने हाताळली जावी, सिक्युअर बूट चालू असावे की बंद, अशा अनेक गोष्टी वापरकर्ता बायोस किंवा यूईएफआय या फर्मवेअरमध्ये निवडून ठेवतो. हा दोष उद्भवल्यास यंत्र बंद करून पुन्हा सुरू करताच या निवडी नाहीशा होतात आणि कारखान्यातून आलेली मूळ स्थिती परत येते. अनेकदा त्यासोबत दिनांक आणि वेळही चुकते. मदरबोर्डवरील लहान बटन सेल, म्हणजेच सीमॉस बॅटरी, संपणे हे या दोषाचे सर्वांत परिचित कारण होय. मात्र अलीकडच्या लॅपटॉपांत घड्याळ आणि सेटिंग्ज या दोन गोष्टी बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी जतन केल्या जातात. त्यामुळे केवळ वेळ चुकली, केवळ सेटिंग्ज गेल्या की दोन्ही एकदम गेले, हे आधी पाहणे आवश्यक असते. ते न पाहता बदललेला सेल पुष्कळदा वाया जातो.

पार्श्वभूमी

१९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसी या संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हते. स्मृती किती आहे, पडदा कोणत्या प्रकारचा आहे, फ्लॉपी ड्राइव्ह किती आहेत ही माहिती मदरबोर्डवरील बारीक खटके वरखाली करून द्यावी लागे आणि डॉस सुरू होताना दरवेळी दिनांक व वेळ टंकित करावी लागे. सेटिंग्ज हरवण्याचा प्रश्नच त्या यंत्रात नव्हता, कारण खटका हा खटकाच असतो; वीज गेली तरी तो जागचा हलत नाही.

१९८४ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी एटी या संगणकाने ही पद्धत बदलली. त्यात मोटोरोला कंपनीची एमसी१४६८१८ ही चिप होती. या एकाच चिपमध्ये घड्याळ व दिनदर्शिका यांबरोबर एकूण ६४ बाइट स्मृती होती. त्यांपैकी १४ बाइट घड्याळ आणि त्याचे नियंत्रण यांसाठी खर्च होत आणि उरलेले ५० बाइट संगणकाच्या सेटिंग्ज साठवण्यास मोकळे असत. ही स्मृती सीमॉस तंत्राने बनवलेली असल्याने तिला टिकून राहण्यास अत्यल्प वीज पुरे. म्हणून मुख्य वीजपुरवठा बंद असतानाही एका लहान बॅटरीवर ती वर्षानुवर्षे जिवंत राही. वस्तुतः सीमॉस हे चिप बनवण्याच्या तंत्राचे नाव आहे आणि आजच्या संगणकातील जवळजवळ प्रत्येक चिप त्याच तंत्राने बनते. तरीही ‘सीमॉस’ म्हणजे ‘बॅटरीवर जगणारी सेटिंग्जची स्मृती’ असा अर्थ तेव्हापासून रूढ झाला तो झालाच. दुरुस्तीच्या दुकानात ‘सीमॉसचा सेल’ असे म्हटले की आजही हाच अर्थ घेतला जातो.

पुढे ही चिप स्वतंत्र न राहता मदरबोर्डवरील चिपसंचात सामावली गेली आणि स्मृतीचा आकारही वाढला. इंटेलच्या अनेक चिपसंचांत ती २५६ बाइटची असते. बॅटरीचे रूपही बदलत गेले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व १९९० च्या दशकात अनेक मदरबोर्डांवर पुन्हा भारित होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी डाखलेली असे. ती जुनी झाली की तिच्यातील क्षारयुक्त द्रव पाझरून आसपासचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकी. त्या काळातील जुने संगणक जपणारे लोक यंत्र हाती येताच सर्वांत आधी ही बॅटरी काढून टाकतात, ते याच कारणाने. लिथियमच्या बटन सेलने हा उपद्रव बराच कमी केला.

माहिती कोठे साठते

जुन्या बायोसमध्ये घड्याळ आणि सेटिंग्ज एकाच चिपमध्ये, एकाच सेलच्या आधारावर असत. सेल संपला की दोन्ही गेले, इतके ते सरळ होते. यूईएफआय फर्मवेअर रूढ झाल्यावर हे चित्र पालटले. त्यात सेटिंग्ज मुख्यतः फर्मवेअर ज्या फ्लॅश चिपमध्ये असते तिच्याच एका राखीव भागात, नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या रूपाने लिहिल्या जातात. फ्लॅश चिपला माहिती टिकवण्यासाठी वीज लागत नाही. अशा चिपा माहिती साधारण २० वर्षे टिकवतील अशा बेताने बनवलेल्या असतात आणि त्यांचा प्रत्येक खंड सुमारे १ लाख वेळा पुसून लिहिता येतो. घड्याळाला मात्र सतत चालत राहावे लागते. त्यामुळे त्याची बॅटरीवरील अवलंबिता संपलेली नाही.

यावरून सेल संपल्यास आधुनिक लॅपटॉपात केवळ वेळ चुकावी आणि सेटिंग्ज शाबूत राहाव्यात असे वाटेल. काही यंत्रांत तसेच घडतेही. परंतु घड्याळाच्या चिपमध्ये एक विशेष बिट असतो. मधल्या काळात वीज खंडित झाली असल्यास तो शून्य होतो आणि ‘येथील वेळ व स्मृती विश्वासार्ह नाही’ असे फर्मवेअरला कळते. अनेक उत्पादकांचे फर्मवेअर हा संकेत दिसताच सावधगिरी म्हणून फ्लॅशमधील सेटिंग्जही बाजूला सारते आणि मूळ मूल्ये लागू करते. परिणामी सेटिंग्ज फ्लॅशमध्ये असूनही सेलबरोबर त्याही ‘जातात’. एकाच कंपनीच्या दोन लॅपटॉपांत मृत सेलची लक्षणे वेगवेगळी दिसतात, त्यामागे बहुधा हा निर्णयाचा फरक असतो.

सेटिंग्ज बरोबर आहेत की नाहीत हे पडताळण्यासाठी जुन्या बायोसमध्ये त्यांची बेरीज करून तीही साठवली जात असे. सुरू होताना नव्याने केलेली बेरीज जुळली नाही की ‘सीमॉस चेकसम बॅड’ असा संदेश उमटे. हा संदेश बेरीज जुळत नाही एवढेच सांगतो. सेल संपला आहे हा आपण काढलेला निष्कर्ष असतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असला तरी नेहमी नाही.

लक्षणे

सेल क्षीण झाल्याचे पहिले लक्षण बहुधा घड्याळात दिसते. लॅपटॉप काही तास बंद राहिल्यावर वेळ मागे पडलेली आढळते, किंवा दिनांक थेट एखाद्या जुन्या वर्षाच्या १ जानेवारीवर जातो. हे वर्ष फर्मवेअर लिहिणाऱ्याने ठरवलेले असते. सुरू होताना काळ्या पडद्यावर एखादा संदेश येऊन यंत्र थांबते आणि एखादी कळ दाबल्याखेरीज पुढे जात नाही. फिनिक्स बायोसच्या घराण्यात ०२५० हा क्रमांक बॅटरी संपल्याचा, ०२५१ हा चेकसम न जुळल्याचा आणि ०२७१ हा दिनांक व वेळ तपासण्याचा असतो. डेलच्या यंत्रांवर ‘टाइम-ऑफ-डे नॉट सेट’ या शब्दांत हीच तक्रार दिसते.

फर्मवेअरकडे कधीच न वळणाऱ्या वापरकर्त्याला मात्र हा दोष वेगळ्याच रूपात भेटतो. संगणकाचे वर्ष मागे गेले की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे ‘अद्याप वैध झालेली नाहीत’ असे ब्राउझरला वाटते आणि बँकेच्या संकेतस्थळापासून ईमेलपर्यंत सारे काही बंद पडते. वापरकर्ता इंटरनेट सेवा देणाऱ्याला दोष देत राहतो. कार्यालयीन जाळ्यात कर्बेरॉस ही ओळखपडताळणी वापरात असेल, तर मूलतः ५ मिनिटांहून अधिक फरक तिला चालत नाही. पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो. इंटरनेट जोडल्यावर वेळ आपोआप दुरुस्त होईल अशी अपेक्षा असते, पण विंडोजची वेळजुळणी सेवा फार मोठा फरक स्वतःहून सुधारत नाही. कार्यालयीन डोमेनमध्ये नसलेल्या संगणकावर ही मर्यादा मूलतः १५ तासांची असते.

निदान

सर्वांत उपयुक्त चाचणीला कोणतेही उपकरण लागत नाही. फर्मवेअरच्या पडद्यावर जाऊन दिनांक व वेळ हातातील घड्याळाप्रमाणे लावावी, एखादी निरुपद्रवी सेटिंग बदलावी, उदाहरणार्थ सुरुवातीच्या बोधचिन्हाचे दिसणे किंवा नम लॉकची स्थिती, आणि बदल जतन करून बाहेर पडावे. त्यानंतर यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढावा. मुख्य बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी. तासाभराने पुन्हा सुरू करताना ऑपरेटिंग सिस्टिममध्ये न जाता थेट फर्मवेअरचाच पडदा उघडावा. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. विंडोज किंवा लिनक्स एकदा सुरू झाले की ते इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून ती हार्डवेअरच्या घड्याळात लिहून टाकू शकते आणि पुरावाच पुसला जातो.

वेळ गेली आणि सेटिंगही गेली, तर सेल किंवा त्याच्यापासून घड्याळापर्यंतचा वीजमार्ग संशयास्पद ठरतो. वेळ गेली पण सेटिंग राहिली, तरीही संशय सेलवरच जातो; अशा यंत्रात सेटिंग्ज फ्लॅशमध्ये आहेत आणि फर्मवेअर त्यांना हात लावत नाही एवढेच. वेळ सेकंदापर्यंत बरोबर आहे पण सेटिंग गेली, तर सेल निर्दोष आहे असे बहुतांशी खात्रीने म्हणता येते आणि शोध फ्लॅश चिप, फर्मवेअर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम यांच्याकडे वळवावा लागतो. दोन्ही शाबूत राहिले, तर दोष यंत्र बंद असतानाच्या काळात नसून ते चालू असताना कोणीतरी सेटिंग्ज बदलत आहे.

मुख्य बॅटरी आत स्क्रूने बसवलेली असेल तर ही चाचणी फसवी ठरू शकते. कित्येक लॅपटॉपांत घड्याळाला मुख्य बॅटरीतूनही वीज मिळते; त्यामुळे सेल मृत असला तरी तासाभरात काहीच बिघडत नाही, आणि मुख्य बॅटरी तळाशी जाईल त्याच दिवशी सारे पुसले जाते. काही अलीकडच्या सडपातळ लॅपटॉपांत तर बटन सेल नसतोच. घड्याळाची भिस्त सर्वस्वी मुख्य बॅटरीवर असते. असे यंत्र महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिल्यावर वेळ चुकलेली आढळली, तर तो दोष मानण्याचे कारण नाही.

सेल आणि त्याचे आयुष्य

लॅपटॉपात सर्वाधिक आढळणारा सेल सीआर२०३२ हा होय. नावातील अंक त्याची मापे सांगतात: व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर ही अक्षरे लिथियम व मँगनीज डायऑक्साइड यांचा, गोल आकाराचा आणि पुन्हा भारित न होणारा सेल दर्शवतात. त्याचा दाब ३ व्होल्ट असून धारणशक्ती साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते. जागा कमी असलेल्या यंत्रांत याच घराण्यातील बारीक सेल असतात. सीआर२०१६ ची जाडी निम्मी, म्हणजे १.६ मिलिमीटर, असते. डेस्कटॉपमध्ये सेल उघड्या खोबणीत बसलेला असतो, तर लॅपटॉपात तो बहुधा प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळलेला, दोन तारा व बारीक जोडणी असलेला आणि दुहेरी चिकटपट्टीने चिकटवलेला असतो.

घड्याळ ३२,७६८ हर्ट्‌झच्या स्फटिकावर चालते. हा अंक म्हणजे २ चा १५ वा घात होय. सलग १५ वेळा निम्मे केले की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. एवढ्या कामाला काही मायक्रोअँपिअर प्रवाह पुरतो. ३ मायक्रोअँपिअर धरल्यास २२० मिलिअँपिअर-तासांचा सेल सुमारे ७३,००० तास, म्हणजे ८ वर्षांहून थोडा अधिक काळ पुरेल. मात्र हा हिशेब यंत्र सदैव वीजपुरवठ्याविना पडून असल्याचा आहे. मुख्य बॅटरी किंवा चार्जर जोडलेला असताना घड्याळ त्यांच्या विजेवर चालते आणि सेलमधून जवळजवळ काहीच खर्च होत नाही.

याच कारणाने सेलचे आयुष्य वापराच्या सवयीवर अवलंबून असते. भारतात भिंतीवरील प्लगलाच बटन असते आणि काम झाले की ते बंद करण्याची पद्धत घराघरांत आहे. डेस्कटॉपच्या बाबतीत त्यामुळे रात्रभर सेलच खर्ची पडतो. लॅपटॉपला मुख्य बॅटरीचा आधार असल्याने हा प्रश्न सहसा येत नाही, पण मुख्य बॅटरी निकामी झालेला जुना लॅपटॉप केवळ चार्जरवर चालवला जातो तेव्हा तो येतो. प्लगचे बटन बंद झाले की मागे उरतो तो एकटा बटन सेल. अशा यंत्रात आठवड्या-पंधरवड्याने सेटिंग्ज पुसल्या जाऊ लागल्या, तर सेलबरोबर मुख्य बॅटरीचाही विचार करावा लागतो. नुसता सेल बदलल्याने तक्रार काही काळ पुढे ढकलली जाते एवढेच.

मल्टिमीटरने मोजल्यास नव्या सेलचा दाब ३ ते ३.३ व्होल्ट भरतो. तो सुमारे २.७ व्होल्टच्या खाली आला असल्यास सेल बदलणे योग्य. परंतु जोडणी काढून मोजलेला दाब थोडा जास्तच दिसतो, आणि थंड हवेत क्षीण सेल आणखी मंदावतो. म्हणून काठावरचे मोजमाप सेलच्या बाजूने पुरावा मानू नये. सेल स्वस्त आहे, शंका असल्यास बदलावा.

नवा सेल काही आठवड्यांतच संपला, तर तो नकली असण्याची शक्यता आधी विचारात घ्यावी. त्यानंतरचे कारण म्हणजे मदरबोर्डवरील प्रवाहगळती. सेल आणि मुख्य पुरवठा यांतून घड्याळाला वीज निवडून देणारा जोड-डायोड किंवा त्यालगतचे धारित्र बिघडले, अथवा चहा-पाणी सांडून त्या भागात मळ साचला, तर मायक्रोअँपिअरऐवजी त्याच्या शेकडो पट प्रवाह वाहू शकतो. दमट हवेत सेलच्या जोडणीवर चढणारा हिरवट-पांढरा गंज उलट परिणाम करतो: सेल भरलेला असूनही वीज घड्याळापर्यंत पोहोचत नाही. सेलच्या मार्गात मल्टिमीटर जोडून प्रवाह मोजणे ही या दोहोंची खरी परीक्षा होय, पण ती अनुभवी दुरुस्तीकाराने करावी.

सेल निर्दोष असताना

घड्याळ बरोबर असताना सेटिंग्ज नाहीशा होण्याचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण १९ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रकाशित झालेल्या उबुंटू १७.१० या आवृत्तीचे आहे. तिच्या कर्नलमध्ये इंटेलच्या फ्लॅश चिपशी थेट बोलणारा एक ड्रायव्हर चालू ठेवलेला होता. काही लॅपटॉपांत, विशेषतः लेनोव्होच्या अनेक मॉडेलांत, त्याच्यामुळे फर्मवेअरच्या फ्लॅश चिपवर लेखनबंदी लागू होऊन बसली. वापरकर्ता फर्मवेअरमध्ये जाई, बूटचा क्रम बदले, जतन करून बाहेर पडे, आणि पुढच्या वेळी पाहतो तो सारे पूर्ववत. यूएसबीवरून यंत्र सुरू करणेही काही ठिकाणी अशक्य झाले, म्हणजे दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याचा मार्गही बंद. उबुंटू काढून टाकले तरी बंदी चिपमध्येच असल्याने दोष राहत असे, आणि सेल बदलून तर काहीच साधत नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये ही आवृत्ती डाउनलोडसाठी मागे घेण्यात आली आणि जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त स्वरूपात पुन्हा देण्यात आली. दुरुस्त कर्नलने यंत्र एकदा सुरू केल्यावर अनेक लॅपटॉपांतील बंदी उठली. ज्यांनी मदरबोर्ड बदलण्याचा खर्च आधीच केला होता, त्यांना हा उपाय उशिरा कळला.

फ्लॅशमधील राखीव जागा भरणे हेही एक कारण असते. तेथे सेटिंग्जखेरीज ऑपरेटिंग सिस्टिमच्या बूट नोंदी आणि कधी कधी कर्नल कोसळल्याच्या नोंदीही लिहिल्या जातात. जागा उरली नाही की नवी सेटिंग जतन होत नाही. २०१३ च्या सुरुवातीला काही सॅमसंग लॅपटॉपांत ही जागा भरल्यावर यंत्र सुरूच होत नसल्याचे उघडकीस आले. त्यानंतर या साठ्यात थोडी जागा सदैव मोकळी राखण्याची दक्षता लिनक्स कर्नलमध्ये घेण्यात आली.

केवळ बूटचा क्रम बदलत असेल आणि इतर सेटिंग्ज जागच्या जागी असतील, तर प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम पाहावी. विंडोजचे मोठे अद्यतन स्वतःची बूट नोंद पुन्हा पहिल्या स्थानी आणू शकते. शिवाय अनेक फर्मवेअर सुरू होताना जी डिस्क दिसत नाही तिची नोंद काढून टाकतात. सैल बसलेली किंवा मरणपंथाला लागलेली डिस्क एखाद्या वेळी उशिरा जागी झाली, की तिची नोंद गेलेली असते. अशा वेळी ‘सेटिंग पुसली’ ही तक्रार डिस्कच्या बिघाडाची पूर्वसूचना असते आणि सर्वांत आधी माहितीची दुसरी प्रत काढून घेणे शहाणपणाचे ठरते. फर्मवेअरचे अद्यतन झाल्यावरही सेटिंग्ज मूळ स्थितीला जातात. विंडोज अद्यतनातून फर्मवेअरही बदलू शकत असल्याने हे वापरकर्त्याच्या ध्यानात येतेच असे नाही.

भारतीय वापरकर्त्यांना सहज ओळखता येणारी एक खूण म्हणजे बरोबर साडेपाच तासांचा फरक. एकाच लॅपटॉपवर विंडोज व लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे धरते आणि लिनक्स तेथे जागतिक प्रमाणवेळ ठेवते. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर वेळ ५ तास ३० मिनिटे मागे दिसते. मिनिटे आणि सेकंद अचूक असून फक्त हाच फरक पडत असेल, तर घड्याळ उत्तम चालले आहे. दोहोंपैकी एका ऑपरेटिंग सिस्टिमची समजूत बदलणे एवढाच त्यावर उपाय आहे.

परिणाम

सेटिंग्ज पुन्हा लावता येतात, त्यामुळे हा दोष किरकोळ मानला जातो. दोन बाबतींत तो तसा राहत नाही. पहिली बाब डिस्कच्या जोडणीची. विंडोज एका पद्धतीत बसवलेले असताना मूळ सेटिंग दुसरी असेल, उदाहरणार्थ एएचसीआयच्या जागी रेड, तर पुसल्या गेलेल्या सेटिंगनंतर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि निळा पडदा येतो. अशा स्थितीत डिस्क खराब झाल्याचे समजून विंडोज नव्याने बसवले जाते आणि त्यात वापरकर्त्याची माहिती जाते. वास्तविक फर्मवेअरमधील एक ओळ पूर्ववत केली असती तर यंत्र जसेच्या तसे सुरू झाले असते. म्हणून निळ्या पडद्याच्या प्रसंगी डिस्क पुसण्यापूर्वी फर्मवेअरमधील वेळ पाहावी. ती चुकलेली असेल तर सेटिंग्जही पुसल्या गेल्याचा संभव मोठा आहे.

दुसरी बाब बिटलॉकरची. अनेक लॅपटॉपांत विंडोज डिस्कवरील माहिती कूटबद्ध करते आणि तिची किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपकडे सोपवते. फर्मवेअरची स्थिती ठरल्याप्रमाणे असेल तरच टीपीएम ती किल्ली देते. सिक्युअर बूटसारखी सेटिंग बदलली की ती नकार देते आणि पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात, कार्यालयाच्या प्रणालीत किंवा वापरकर्त्याने काढलेल्या छापील प्रतीत असते. ती यांपैकी कोठेच नसेल आणि सेटिंग पूर्ववत करूनही टीपीएमने किल्ली दिली नाही, तर माहिती परत मिळवण्याचा मार्ग राहत नाही. कित्येक घरगुती लॅपटॉपांत ही कूटबद्धता मालकाच्या नकळत चालू झालेली असते. म्हणून सेल क्षीण झाल्याची पहिली शंका येताच, यंत्र अजून नीट सुरू होत आहे तोवर, ही की शोधून कागदावर उतरवून ठेवणे हे सेल आणण्याआधीचे काम आहे.

सेल बदलणे

काम सुरू करण्यापूर्वी फर्मवेअरच्या प्रत्येक पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि बिटलॉकर तात्पुरता स्थगित करावा. त्यानंतर यंत्र बंद करून चार्जर काढावा. तळाचे झाकण उघडल्यावर सर्वप्रथम मुख्य बॅटरीची जोडणी सोडवावी. ती जोडलेली असताना पेचकस घसरून झालेला एक स्पर्श मदरबोर्ड निकामी करण्यास पुरेसा असतो. सेलची जोडणी तारांना न ओढता खोबणीलगत धरून काढावी.

नवा सेल घेताना दोन चुका वारंवार होतात. काही लॅपटॉपांत एमएल अक्षरांनी सुरू होणारा, पुन्हा भारित होणारा सेल असतो आणि मदरबोर्ड त्याला वीज पुरवतो. त्याच मापाचा सीआर सेल तेथे बसतो, पण तो भारित करण्यासाठी बनलेला नसल्याने फुगणे, पाझरणे किंवा फुटणे संभवते. दुसरी चूक तारांच्या क्रमाची. बाजारात मिळणाऱ्या तयार सेलची जोडणी खोबणीत नेमकी बसते, पण लाल व काळी तार मूळच्या उलट बाजूस असू शकते. जुना व नवा सेल शेजारी ठेवून क्रम पाहिल्याविना जोडू नये. जुन्याच तारा नव्या सेलवर डाखण्याचा मोहही टाळावा. उष्णतेने लिथियम सेल फुटू शकतो. पट्ट्या आधीच जोडलेले सेल मिळतात, ते वापरावेत.

सेल बदलल्यानंतरची पहिली सुरुवात लांबते. स्मृतीची मोजदाद फर्मवेअरला नव्याने करावी लागते. पडदा काही काळ काळा राहतो आणि यंत्र आपोआप एक-दोनदा बंद होऊन सुरू होऊ शकते. या काळात घाबरून वीज तोडू नये. पडदा आल्यावर दिनांक व वेळ लावावी, छायाचित्रांवरून सेटिंग्ज पूर्ववत कराव्यात आणि जतन केल्यावर वर सांगितलेली तासाभराची चाचणी पुन्हा करावी. काही डेल लॅपटॉपांत चार्जर जोडून पॉवरचे बटन सुमारे अर्धा मिनिट दाबून धरल्यास घड्याळाची स्मृती रीसेट होते. झाकण न उघडता करता येणारा हा उपाय अडकलेल्या यंत्राला जागे करतो, परंतु संपलेल्या सेलवर त्याचा इलाज चालत नाही.

सेल काढल्याने फर्मवेअरचा पासवर्ड जातो, हा समज जुन्या डेस्कटॉपांच्या काळातला आहे. तेव्हा पासवर्डही सीमॉसच्या स्मृतीतच असे. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत तो विजेविना टिकणाऱ्या चिपमध्ये असतो आणि सेल काढून ठेवल्याने पुसला जात नाही. उलट वेळ व सेटिंग्ज तेवढ्या जातात आणि पासवर्ड माहीत नसल्याने त्या पुन्हा लावताही येत नाहीत.

सुरक्षितता आणि विल्हेवाट

२० मिलिमीटर व्यासाचा लिथियम सेल लहान मुलाने गिळल्यास तो अन्ननलिकेत अडकू शकतो. ओलाव्याच्या संपर्कात त्यातून वाहणाऱ्या विजेने तेथे तीव्र क्षार तयार होतो आणि सुमारे दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. घड्याळ चालवण्यास असमर्थ ठरलेल्या सेलमध्येही एवढी वीज शिल्लक असते, म्हणून काढलेला सेल टेबलावर ठेवू नये. गिळल्याची नुसती शंका असली तरी लक्षणांची वाट न पाहता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो वेगळा ठेवावा. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू आहेत. त्यामुळे असा सेल घरातील कचऱ्यात न टाकता ई-कचरा किंवा बॅटरी संकलन केंद्राकडे द्यावा.